दारी आलेल्या संशोधनाला आपल्या अटी



महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या गटांकडून गेल्या काही महिन्यांत एकाच प्रकारची विचारणा माझ्याकडे येते आहे. मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या व्यवस्थापन महाविद्यालयाचे पत्र गटाला येते. त्यांचे एमबीएचे विद्यार्थी ‘सामाजिक परिणामा’चा अभ्यास करणार असतात आणि त्यासाठी त्यांना गटाचे सहकार्य हवे असते. पत्राच्या शेवटी ‘भागीदारी’ हा शब्द असतो. सोबत सदस्यांची यादी, बँकेचे पुस्तक आणि बैठकीचे रजिस्टर पाहायला मिळावे अशी विनंती. काही गटांनी दार उघडले, काहींनी ‘आता पुरे झाले’ म्हणून नाही सांगितले. बाकीच्या विचारतात, ही मंडळी आपली कोण आणि यांना उत्तर काय द्यायचे?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. यांना घरात घ्यावे, पण अटी घालून घ्यावे. अभ्यासाला नाही म्हणणे आपल्याला परवडणार नाही, कारण हिशोबाची, बाजाराची, कंपनीचे कागद वाचण्याची जी विद्या त्यांच्याकडे आहे ती आपल्याला हवी आहे. पण प्रश्न त्यांनी ठरवायचे, उत्तरे आपण द्यायची आणि अहवाल तिसऱ्यानेच वाचायचा, याला भागीदारी म्हणता येणार नाही.

ही मंडळी आताच का येऊ लागली, हे समजून घेतले पाहिजे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही तेच कलम सांगते. कामांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि तीत स्त्री-पुरुष समता, महिलांचे सक्षमीकरण हे विषय नावानिशी आहेत. महाडला औद्योगिक वसाहत आहे, तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्याशी आलेला आहे.

जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याचे नियम बदलले. ज्या कंपनीचा सीएसआरचा वाटा सरासरी १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम स्वतंत्र संस्थेकडून तपासून घेतला पाहिजे, असे बंधन आले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या तपासणीवर एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंतचा खर्च कंपनीला सीएसआरमध्ये दाखवता येतो. थोडक्यात, बायकांसाठी काम करण्याला पैसा आहे तसा ते काम मोजण्यालाही आहे. मोजणारी संस्था कंपनी निवडते. अहवाल कंपनीच्या संचालक मंडळापुढे जातो आणि सीएसआरच्या वार्षिक अहवालाला जोडला जातो. ज्या वाडीवर पाहणी झाली तिथे तो परत आणून वाचून दाखवावा, असे बंधन कुठेही नाही.

दुसरे कारण महाविद्यालयांच्या घरातले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर क्षेत्रकार्याला आणि समाजातल्या कामाला श्रेयांक मिळू लागले. व्यवस्थापन शिक्षणाला जगभर मानांकन देणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने २०२० च्या निकषांत समाजावरच्या परिणामाला जागा दिली. त्याआधी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे ठरली होती. आता प्रत्येक संस्थेला आपण समाजासाठी काय करतो ते दाखवावे लागते. यात वाईट काही नाही. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेने तर १९९० च्या दशकातच विद्यार्थ्यांना काही आठवडे स्वयंसेवी संस्थांत काम करायला पाठवणे सुरू केले होते. पण त्यांची गरज कोणती आणि आपली कोणती, हे दोन्ही बाजूंना स्पष्ट असले म्हणजे बोलणे सोपे होते.

सातव्या परिशिष्टातली आणखी एक नोंद पाहा. सार्वजनिक विद्यापीठांना संशोधनासाठी सीएसआरचा पैसा देता येतो. पण त्या नोंदीत विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक हे विषय आहेत. समाजशास्त्र किंवा स्त्री-अभ्यास यांची नावे नाहीत. म्हणजे बाईच्या जगण्याचा सावकाश, स्वतंत्र अभ्यास करायचा तर त्या नोंदीतून पैसा मिळणे अवघड, आणि कंपनीच्या प्रकल्पाचा ‘परिणाम’ मोजायचा तर पैशाची सोय आहे. मग अभ्यासक बाई दुसऱ्या वाटेने येते. तिचा पहिला प्रश्न ‘तुमचे कसे चालले आहे?’ असा राहत नाही, ‘आमच्या प्रकल्पामुळे तुमचे किती सुधारले?’ असा होतो.

पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या गटाचे उदाहरण घेऊ. समजा, दहा बायका मिळून नाचणीचे पापड करतात. प्रत्येकीचे रोज तीन तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर ७५० तास झाले. खर्च वजा जाता गटाला १५,००० रुपये राहिले, प्रत्येकीला १५०० मिळाले. अहवालात वाक्य येईल की लाभार्थी महिलांच्या उत्पन्नात दरमहा १५०० रुपयांची वाढ झाली. वाक्य खरे आहे. आता हाच हिशोब तासांनी मांडा. तासाला २० रुपये पडले, आठ तासांच्या दिवसाला १६० रुपये. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे सक्षमीकरणाच्या प्रकल्पात बाईच्या श्रमाला सरकारी खडी फोडण्याच्या जवळपास निम्मी किंमत मिळाली. पहिला हिशोब छापला जातो आणि दुसरा कुणी करत नाही, कारण बाईचा वेळ फुकटचा धरलेला असतो.

व्यवस्थापनाच्या अभ्यासात एक पद्धत फार वापरली जाते. एक रुपया गुंतवला तर समाजाला किती रुपयांचा फायदा झाला, असे प्रमाण तीत काढतात. प्रमाण मोठे आले की सगळे खूश. खर्चाच्या बाजूला कंपनीचे पैसे धरतात. बैठकीला घालवलेली दुपार, बँकेत मारलेल्या चकरा, रजिस्टर लिहिण्यात गेलेली रात्र हे त्या बाजूला धरले नाही, तर प्रमाण आपोआप फुगते. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आला आणि पुरुषाचा ९७. २०२४ च्या पाहणीत बाईचा वेळ २८९ मिनिटे झाला. पाच वर्षांत दहा मिनिटे उतरली. या पाच तासांच्या घरकामावर प्रकल्पाचे तीन तास चढतात, हे ज्या अहवालात नाही तो अहवाल अर्धाच समजावा.

आणि आपल्याकडे घरकामाबरोबर शेतही बाईच्याच अंगावर असते. पोलादपूर तालुक्यात २०११ च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत, याचे कारण आपल्याला कुणी सांगायला नको. पुरुष मुंबईला जातात. लावणी, वरकस जमिनीवरची नाचणी, गुरे, म्हातारी माणसे मागे राहतात, आणि सातबारा बहुधा मुंबईला गेलेल्याच्या नावावर असतो. घाटापलीकडे सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावाचा असाच अभ्यास हेमलता दांडेकर यांनी केला. त्यांच्या १९८६ च्या इंग्रजी पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘पुरुष मुंबईला, बायका घरी’ असा आहे. १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा काळ त्या अभ्यासात आहे. सहा आठवड्यांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याकडून चाळीस वर्षांची अपेक्षा कुणी करणार नाही. पण त्याच्या प्रश्नावलीत ‘जमीन कुणाच्या नावावर?’ आणि ‘उन्हाळ्यात पाणी किती लांबून आणता?’ हे दोन प्रश्न असायला हरकत कोणती? पावसाळ्यात दरड कोसळेपर्यंत पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट, हे आपल्या वाड्यांचे रोजचे जगणे आहे. ते वगळून उत्पन्न मोजले तर त्या आकड्याला अर्थ काय राहिला?

दरडीचेही तसेच. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला तळिये गावात ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या, आणि महाड शहर पुराखाली गेले. प्रत्येक वेळी पाहण्या झाल्या. एका गटातल्या बाईने मला सांगितले, “मदतीआधी फॉर्म आला, मदतीबरोबर फॉर्म आला, आणि मदत संपल्यावर ती कशी वाटली याचाही फॉर्म आला.” पुनर्वसनातले घर कुणाच्या नावावर झाले? विधवेला मदतीचा धनादेश मिळाला तेव्हा सही कुणी केली, पैसे कुणाकडे गेले? नव्या जागेपासून शेत किती लांब पडले? हे विचारणारा फॉर्म आला का, असे मी तिला विचारले. तिला आठवत नव्हते.

आणखी एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. कंपनीच्या पैशातून होणारा अभ्यास कंपनीच्या प्रकल्पाचा असतो, कंपनीचा नसतो. नियमाप्रमाणे, दुसऱ्या कायद्याने जे करणे कंपनीवर बंधनकारकच आहे ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचे कामही धरता येत नाही. नियम योग्य आहे. पण त्याचा असा परिणाम होतो की सांडपाणी, कामगारांची सुरक्षा, ठेक्यावरच्या बायकांची मजुरी हे सगळे ‘सामाजिक परिणामा’च्या अहवालाबाहेर राहते. सावित्रीच्या पाण्याबद्दल आणि मासळीबद्दल खाडीकाठच्या बायका वर्षानुवर्षे तक्रार करत आल्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन कामगार मेले. समाजावर कारखान्याचा जो सगळ्यात मोठा परिणाम होतो तो याच बाजूला असतो. शिवणयंत्रे वाटली त्याचा परिणाम मोजायचा आणि याचा नाही, ही वाटणी आपण निमूट मान्य करायची का?

महाडच्या मातीत ही वाटणी खरे तर शोभत नाही. वाणिज्य शिकवणारा प्राध्यापक गावच्या प्रश्नात उतरला म्हणजे काय घडते, हे इथे १०० वर्षांपूर्वी दिसले आहे. मुंबईचे सिडनेहॅम वाणिज्य महाविद्यालय १९१३ मध्ये स्थापन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. पुढे हीच विद्या त्यांनी कोकणातल्या खोतीविरुद्ध वापरली. आजच्या रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत, तिथल्या कुळांनाही खोतीचा जाच होता. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कुळ किती पिकवते आणि खोत किती नेतो, हा हिशोब त्यामागे होता.

चवदार तळ्याचा धडाही याच कामाचा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कोणत्याही अहवालात ‘उद्दिष्ट साध्य’ असे लिहिता आले असते. प्रत्यक्षात अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ ला लोकांनी स्वतः जाऊन पाणी घेतले, तेव्हा ठराव आणि पाणी यांतले अंतर साऱ्या देशाला दिसले. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच दिवसांत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. मुलींना शिकवा, अंगावरच्या पेहरावातली जातीची खूण टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. कागदावर झाले आणि हातात आले, यांतला फरक ओळखायला महाडच्या बाईला कुणी शिकवायला नको.

व्यवस्थापन संस्थेने चांगले काम केल्याचे उदाहरण आपल्या देशात आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई १९७२ मध्ये पदावरून बाजूला झाले आणि प्राध्यापक म्हणून राहिले. १९७५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर राजस्थानातल्या तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा भागात काम सुरू केले. राष्ट्रीय डिझाइन संस्थाही सोबत आली. तिथल्या विणकरांकडे आणि चामड्याचे काम करणाऱ्यांकडे कसब होते. पण बाजार, नमुने, किंमत ठरवणे हे दुसऱ्यांच्या हातात होते. ते शिकणे म्हणजे विकास, आणि शिकवणाऱ्याने हळूहळू मागे सरणे म्हणजे यश, असा तो विचार होता. कारागिरांची स्वतःची संघटना त्यातून उभी राहिली. तिथे संस्था वर्षानुवर्षे गेली आणि कारागिरांच्या व्यवहारातून स्वतःही शिकली.

आपल्या राज्यातही दारे आहेत. एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचे देशातले पहिले केंद्र सुरू झाले, आणि अभ्यास व चळवळ यांचे नाते तिथे जपले गेले. त्याच विद्यापीठात १९९७ पासून मुलींसाठी व्यवस्थापन संस्थाही आहे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ पासून आहे. आपल्या शेजारी माणगाव तालुक्यात लोणेरे इथे बाबासाहेबांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पाण्याच्या तपासणीत त्यांची मदत मागता येईल. पत्र येण्याची वाट कशाला पाहायची? आपला प्रश्न लिहून आपणच त्यांच्याकडे का जाऊ नये?

म्हणून गटांनी पुढच्या अटी बैठकीत वाचाव्यात, हव्या तशा बदलाव्यात आणि पाहुण्यांपुढे ठेवाव्यात.

एक, प्रश्नावली आधी गटाला मराठीत दाखवावी. आपले किमान तीन प्रश्न त्यात घालावेत.

दोन, पैसा कुणाचा आहे आणि अहवाल कुणाला द्यायचा आहे, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगावे.

तीन, ज्या दिवशी बायकांचे काम बुडेल त्या दिवसाची मजुरी द्यावी. पाहणीच्या कामात गावातली एक शिकलेली मुलगी पगारी घ्यावी आणि अहवालात तिचे नाव असावे.

चार, आधार क्रमांक, बँक खात्याचे तपशील आणि बायकांचे फोटो संमतीशिवाय देऊ नयेत. मूळ रजिस्टर गटाच्या पेटीतून बाहेर जाऊ नये.

पाच, बोलता बोलता एखादी बाई मारहाणीबद्दल सांगते. तेवढे टिपून घेऊन निघून जायचे नाही. अशा वेळी कुणाला बोलवायचे, त्या कार्यकर्तीचे नाव आधीच ठरलेले असावे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहे, हे विद्यार्थ्यांना माहीत असावे.

सहा, अंतिम होण्याआधी अहवाल वाडीवर मराठीत वाचून दाखवावा. आपले म्हणणे वेगळे असेल तर ते अहवालातच छापावे.

सात, जाताना एक विद्या ठेवून जावी. तासांनी हिशोब कसा मांडायचा, मालाची किंमत कशी ठरवायची किंवा कंपनीचा सीएसआरचा वार्षिक अहवाल कसा वाचायचा, यांपैकी एक तरी गटातल्या दोघींना नीट आले पाहिजे.

या अटी ऐकून काही जण परत जातील. जाऊ द्या. जे थांबतील त्यांच्याबरोबर काम करणे सोपे जाईल. जे आधीच येऊन गेले, ते सरकारी विद्यापीठाचे असतील तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहेच. आपल्यावरच्या अहवालाची प्रत गटाच्या नावाने नको, एका सदस्येच्या नावाने अर्ज करून मागा.

व्यवस्थापन महाविद्यालयांत शिकवणाऱ्या मैत्रिणींनाही एक सांगणे आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणी आमचे अंक वाचतात. तुमच्यावर श्रेयांकांचे, मानांकनाचे, मुदतीचे दडपण असते, हे आम्हाला समजते. तरी वर्षातून एक अभ्यास असा करा, की ज्याचा प्रश्न गटाने दिलेला आहे. नाचणीच्या पापडाचा तासाचा दर काढा. ठेक्यावर जाणाऱ्या बाईचा प्रवास, पाळणाघर आणि मजुरी यांचा ताळेबंद मांडा. दरडीनंतरच्या घरांची नावनोंदणी मोजा. तुमच्या विद्यार्थ्यांना यातून जे शिकायला मिळेल ते वर्गात मिळणार नाही.

येत्या बैठकीत या सात अटींवर बोला. कोणती अट टाकली, कोणती वाढवली आणि ती पुढे ठेवल्यावर समोरून काय उत्तर आले, ते आम्हाला कळवा. तुमची पत्रे पुढच्या अंकात छापू.